वाचकांचे प्रश्न : आटत्या डोहातली गर्दी

प्रश्न : आमचा ओढा दिवाळीनंतर वाहायचा थांबतो, नुसते डोह उरतात. ऑगस्टमध्ये पाण्यातले कीटक मोजले तेव्हा थोडेच सापडले. फेब्रुवारीत त्याच जाळीत ढिगाने आले. पाणी आटलं की विविधता वाढते का?
– प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी, आष्टी तालुका, जि. बीड

उत्तर : तेवढ्यावरून तसं म्हणता येणार नाही, वाढलेली दिसते ती गर्दी. डोह आकसला की तेच कीटक थोड्या पाण्यात कोंडतात. शिवाय आटलेल्या डबक्यांतले पाणभुंगे, पाणढेकूण उडून तिथेच येतात. उलट दगडांत जाळं विणून वाहतं अन्न गाळणाऱ्या कॅडिसफ्लायच्या (पतंगासारखा दिसणारा कीटक) अळ्या प्रवाह थांबला की दिसेनाशा होतात. म्हणून नग किती आणि कुळं (जवळच्या जातींचे गट) किती, हे वेगळ्या रकान्यांत लिहा. ऑगस्टचा नमुना पुराच्या पाठोपाठ घेतला होता का, तेही पाहा. पुराने तळ धुऊन निघतो. दोन-तीन आठवडे थांबायला हवं.

खरी गफलत बहुधा पद्धतीत आहे. खळाळत्या पाण्यात अर्धा मिलिमीटर छिद्रांची जाळी तळाला टेकवून तिचं तोंड प्रवाहाकडे धरतात आणि वरच्या अंगाला पायाने दगड-वाळू ढवळतात. सुटलेले कीटक प्रवाहच आत आणतो. डोहात हे काम करायला प्रवाह नसतो. नुसतं ढवळलं तर गाळ उठतो आणि कीटक पुन्हा तळाला बसतात. तिथे ढवळलेल्या पाण्यातून आणि काठच्या गवताच्या मुळांतून जाळी फिरवावी लागते. दोन्हीकडे घड्याळ लावून तीन-तीन मिनिटंच काम करा, आणि तुलना डोहाची डोहाशीच करा.

वेचायला पांढरं ताट घ्या. हलणारेच कीटक उचलले जातात आणि वाळूच्या घरट्यात गप्प बसलेली कॅडिसची अळी राहून जाते, म्हणून ताट थोडा वेळ स्थिर ठेवून पाहा. वेचलेले कीटक पाण्याच्या बाटलीत साठवू नका. चतुराची पिल्लं बाकीच्यांना खाऊन टाकतात. थेट अल्कोहोलमध्ये टाका : ९५ टक्क्यांच्या १०० मिलीत २७ मिली पाणी घातलं की सुमारे ७५ टक्के होतं. कीटकांच्या अंगातल्या पाण्याने ते पातळ होतं, तेव्हा दुसऱ्या दिवशी बदला. चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहून बाटलीच्या आत टाका. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.

ओळखताना सगळ्यात जास्त घोटाळा तीन शेपट्यांवरून होतो. शेपट्या दोऱ्यासारख्या आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना कल्ले असतील तर मेफ्लाय या अल्पायुषी कीटकाचं पिल्लू (काहींना शेपट्या दोनच असतात). टोकाला पानासारखे तीन चपटे कल्ले असतील तर ते टाचणीचं, म्हणजे चतुराच्या सडपातळ भाऊबंदाचं, पिल्लू.