रेसिडेन्समध्येच राहा, पण खिडकीचं आधी बोल

तुझा प्रश्न दोनदा वाचला. बारावी झाली, सप्टेंबरपासून कॅनडात, ऑन्टॅरिओत पदवीचं पहिलं वर्ष, आणि घरात वाद चाललाय की विद्यापीठाच्या रेसिडेन्समध्ये, म्हणजे वसतिगृहात राहायचं की ओळखीतल्या तीन मराठी मुलींबरोबर बेसमेंट भाड्याने घ्यायचं. बेसमेंट स्वस्त, म्हणून बाबांचा कल तिकडे. एकटं वाटेल का, सोबत काय आणायचं, हेही विचारलंयस. शिक्षणासाठीचं परमिट, बँकेत किती पैसे दाखवायचे, हे सगळं सरकारी साइटवर आहे आणि सारखं बदलतं, त्यात मी पडत नाही. मी २०१९ मध्ये सांगलीहून अशीच आले होते. तुझा प्रश्न वाचल्यापासून ते वर्ष डोक्यातून जात नाहीये.

आधी उत्तर देऊन टाकते. पहिलं वर्ष रेसिडेन्समध्येच काढ. महाग आहे, खरंय. जेवणासकट आठ महिन्यांचे बऱ्याच ठिकाणी पंधरा हजार डॉलरच्या वर जातात. पण जानेवारीत उणे पंधरामध्ये सकाळच्या लेक्चरसाठी बसची वाट बघणं काय असतं ते इथे आल्याशिवाय कळत नाही. आणि ओळखी होतात त्या मजल्यावरच, दात घासताना, लाँड्रीच्या मशीनपाशी. बेसमेंटमधल्या मुली चांगल्याच असतील, पण तुम्ही चौघी आपसातच राहाल आणि बघता बघता एप्रिल येईल.

पैसे भरताना मात्र डोळ्यांत तेल घाल. रेसिडेन्सची अनामत भरायची आमची मुदत जूनच्या सुरुवातीला होती. बाबांनी पाच दिवस आधी बँकेतून वायर ट्रान्सफर केली, पावती फाइलला लावली. मधल्या कुठल्यातरी बँकेने आपला आकार कापून घेतला आणि विद्यापीठाच्या खात्यात वीस डॉलर कमी पोचले. वीस डॉलर! कुणी कळवलं नाही. ईमेल आला तो मुदत उलटून गेल्यावर: रक्कम अपुरी, अर्ज अपूर्ण, तुम्हाला प्रतीक्षा यादीत टाकलं आहे. तिथलं ऑफिस नऊला उघडायचं, म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा. बाबा दुकान लवकर बंद करून घरी यायचे आणि फोन लावून बसायचे. पलीकडे नुसतं संगीत वाजत राहायचं. एकदाचं कुणी बोललं की बाबा खुर्चीतून उठून उभे राहायचे आणि इंग्रजीत ‘सर’ म्हणून सुरुवात करायचे, पलीकडे बाई असली तरी. सहा वर्षं झाली, मला अजून त्याचा राग येतो. जुलैअखेर खोली मिळाली, पण मागितली होती सिंगल आणि मिळाली डबल. तेव्हा बँकेत फॉर्म भरतानाच सांगा की मधल्या बँकांचे सगळे आकार पाठवणाऱ्याच्या खात्यातून घ्या. तसा पर्याय फॉर्मवर असतो, आपण होऊन कुणी सांगत नाही.

आणि तो राग मी जिच्यावर काढला, तिचा त्या वीस डॉलरशी काडीचा संबंध नव्हता.

२ सप्टेंबर २०१९. इथे लेबर डेची सुट्टी, आपल्याकडे गणेश चतुर्थी. सकाळचे दहा वाजले होते, मी बॅगा उघडत होते, तेवढ्यात आईने व्हिडिओ कॉल लावला. सांगलीत संध्याकाळची आरती सुरू होती. झांजा, टाळ्या, काकांचा वरचा आवाज. तेवढ्यात माझी रूममेट आत आली. उत्तर ऑन्टॅरिओतल्या सडबरी गावची मुलगी, उंच, काखेत उशी. मी गडबडीने आवाज कमी करायला गेले, तर तिने हातानेच ‘राहू दे’ म्हटलं. आरती संपेपर्यंत ती उशी तशीच धरून दारात उभी होती. मी तिच्याशी हसलेसुद्धा नाही. मला सिंगल खोली मिळायला हवी होती, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

पहिल्या आठवड्यात दोघींना मिळून एक कागद भरायला देतात, रूममेट अ‍ॅग्रीमेंट. मजल्यावर एक सीनियर विद्यार्थी नेमलेला असतो, काही विद्यापीठांत त्याला डॉन म्हणतात, तो समोर बसून भरून घेतो. झोपायची वेळ, पाहुणे, गजर, फ्रिज, खिडकी. प्रत्येक ओळीला मी ‘चालेल’ म्हटलं. आपल्याला तसंच शिकवलेलं असतं, पहिल्या भेटीत कुणी नाही म्हणतं का? तिला रात्री खिडकी चार बोटं उघडी लागायची. ‘चालेल ना?’ तिने दोनदा विचारलं. चालेल. आणि खिडकीखालचा पलंग माझा.

ऑक्टोबर लागला तशी मी स्वेटर, कानटोपी घालून झोपायला लागले. रोइंगच्या, म्हणजे होडी वल्हवायच्या सरावासाठी तिचा गजर पहाटे पाचला वाजायचा. मी पांघरुणात डोळे मिटून पडून राहायचे आणि मनात एकेक गुन्हा मोजायचे. तोंडाने एक अक्षर बोलले नाही. माझ्या कपाटात लसणाची चटणी होती, डब्याचं झाकण नीट बसायचं नाही, खोलीभर वास असायचा. त्याबद्दल ती कधीच काही बोलली नाही, हे माझ्या लक्षात आलं फार उशिरा.

थँक्सगिव्हिंगला, १४ ऑक्टोबरच्या त्या सोमवारच्या सुट्टीला, तिने मला घरी बोलावलं. आईला सांगितलंय, तू मांस खात नाहीस तर ती वेगळं करेल, म्हणाली. मी अभ्यासाचं कारण सांगितलं. मजला रिकामा झाला. संध्याकाळी डायनिंग हॉल लवकर बंद, मी खोलीत बसून मेतकूट आणि ब्रेड खाल्ला. तू एकटेपणाचं विचारलंयस, तर माझा एकटेपणा हा असा होता. तो कुणी लादला नव्हता, दार मीच लावून घेतलं होतं.

पुढच्याच आठवड्यात मी खोली बदलायचा अर्ज भरला. कारण लिहिलं, जमत नाही. वरच्या मजल्यावर सिंगल रिकामी झाली होती, ती मिळाली. तिला मी सांगितलंच नाही. ‘तुमच्या खोलीत नवी मुलगी येऊ शकते’ असा ऑफिसचा ईमेल तिला गेला, तेव्हा तिला कळलं. तिने एवढंच विचारलं, ‘खिडकीचं होतं का? मग मला सांगितलं का नाहीस?’ आणि माझी पुस्तकांची खोकी तिनेच दोन जिने वर नेऊन दिली.

सिंगल खोलीत मी खूष असेन असं वाटलं होतं. दिवाळी आली, २७ ऑक्टोबर, मधल्या परीक्षांच्या तोंडावर. पणती, उदबत्ती काही लावता येत नाही, धुराच्या अलार्मने अख्खी इमारत खाली उतरते. नोव्हेंबरात इथली घड्याळं हिवाळ्यासाठी तासभर मागे गेली, पाचच्या आत अंधार, आईशी बोलायचं तर अंतर साडेदहा तासांचं. मी खालच्या मजल्यावरून जाताना त्या दारावरून मान खाली घालून जायचे.

मग मार्च २०२०. मध्यावर सगळ्यांना घरी जायला सांगितलं. २२ तारखेपासून भारतात विमानं उतरायची बंद झाली, मी अडकले. आमच्यासारख्या दहा-बारा जणांना राहू दिलं. एका दुपारी दाराबाहेर तिची इलेक्ट्रिक किटली ठेवलेली दिसली, वायर नीट गुंडाळून, सोबत चहाचं खोकं. मी ‘थँक्स’ असा मेसेज टाकला. एका शब्दाचा. पुढे लिहायचं, लिहायचं म्हणत राहून गेलं. किटली अजून माझ्या स्वयंपाकघरात आहे.

असो. तू विचारलेलं राहिलं: इकडचे पलंग लांब असतात, ट्विन एक्सएल, ८० इंच. आपल्या चादरी आखूड पडतात, त्या इथेच घे. कुकर, मिक्सर आणू नकोस, वीज १२० व्होल्ट आहे आणि खोलीत शिजवू देत नाहीत. डिसेंबरच्या सुट्टीत बरीच रेसिडेन्स बंद होतात, तेव्हा कुठे राहणार ते ऑक्टोबरमध्येच ठरव. चटणीला घट्ट झाकणाचा डबा घे.

रूममेटचं नाव बहुतेक उन्हाळ्यातच ईमेलने कळेल. कळलं की तिच्या मेसेजची वाट बघू नकोस, तूच आधी लिही. आणि तो कागद भरायला बसशील तेव्हा खिडकीच्या ओळीपाशी थांब. थंडी वाजते तर वाजते म्हण. बाबांना बँकेचं काही विचारायचं असेल तर मला फोन करू दे, शनिवारी तुमच्या संध्याकाळी मी मोकळी असते.