टिनाखाली फोम मारण्याआधी

भाऊ, घर तापू नये म्हणून टिनाच्या छताला आतून फवारून फुगवतात तो स्प्रे फोम मारायचा असेल, तर आधी टिन बघा, फोमचा भाव नंतर विचारा. टिन धरणाऱ्या जे-हुकाचे (J आकाराच्या बोल्टचे) वायसर कडक झाले असतील तर ते अगोदर बदला, जुनी भोकं असतील तर ती बुजवा. फोम बसला की पाणी कुठून झिरपतं ते कळत नाही आणि टिन आतून सडतं.

मे महिन्यात पारा ४५च्या वर आणि मग पावसाळ्याची ओल, म्हणून आपल्याकडे क्लोज्ड-सेलच (बंद बुडबुड्यांचा, घट्ट फोम) घ्या. ओपन-सेल (उघड्या बुडबुड्यांचा, मऊ) स्वस्त, पण ओल पितो. दोन इंच जाडी पुरे, मात्र ती एका दमात मारू देऊ नका. फोम फुगताना स्वतःच तापतो. जाड थर आत करपतो, आकसून टिनापासून सुटतो, क्वचित पेटतोही. एकेक इंचाचे दोन थर घ्या, मधे पहिला थंड होऊ द्या. कारागीर घाई करतोच, तिथे उभं राहा. पण दाराबाहेर, कारण वाफ फुफ्फुसाला वाईट. त्यानंतरही २४ तास घरात माणूस, गुरं, धान्य काही नको.

टिन गंज-धूळ काढून कोरडं हवं. सकाळच्या दवात काम सुरू केलं तर फोम पकडत नाही.

चुलीच्या खोलीत फोम नकोच. बाकी ठिकाणी खालून जिप्सम बोर्ड लावा, हा पदार्थ जळतो. उन्हात उघडी राहणारी कड रंगवा, नाहीतर पिवळी पडून भुगा होतो.

फोमने फटी बुजल्यावर कूलर लावाल तेव्हा समोरची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर घरात नुसती चिपचिप.

बजेट तोकडं असेल तर यंदा वरून पांढरा रंगच मारा.