भोपाळच्या आधी प्रदूषणाविरुद्ध कायदाच नव्हता का?

होता की! पाण्यासाठी १९७४चा, हवेसाठी १९८१चा. प्रदूषण नियंत्रण मंडळंही १९७४च्याच कायद्यातली. पण घातक रसायनांचा साठा आणि हाताळणी यावर त्यांत फारसं काही नव्हतं. डिसेंबर १९८४मध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून वायू गळला, हजारो माणसं गेली, आणि १९८६मध्ये पर्यावरण (संरक्षण) कायदा आला. कारखाना थेट बंद करण्याचा, त्याची वीज-पाणी तोडण्याचा अधिकार त्याच्या कलम ५ने केंद्राला दिला. माझ्या मते खरी जरब याचीच. शिक्षा आधी ५ वर्षांपर्यंत कैदेची होती; २०२३च्या जनविश्वास कायद्याने तिच्या जागी १० हजार ते १५ लाख रुपये दंड आला. तुरुंग आता दंड थकवला तरच. बड्या कंपनीला १५ लाख म्हणजे किरकोळ खर्च.