आवाज गेला म्हणून लगेच फॉरमॅट नको मारू भाऊ

अरे भाऊ, विंडोज अपडेटनंतर पीसीचा आवाज गेला एवढ्यासाठी सीपीयू उचलून नागपूरच्या सीताबर्डी बाजारात काहून धावून राहिला, आधी घरीच पाहून घे ना. पहिले रीस्टार्ट मार, शटडाऊन नाही, कारण विंडोज १० अन् ११ मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असलं की शटडाऊन केल्यावरही ड्रायव्हर (म्हणजे साउंड, वायफायसारखे भाग विंडोजशी जोडणारं सॉफ्टवेअर) जुन्याच स्थितीत डिस्कवर सेव्ह होऊन राहतात, रीस्टार्टमध्ये सगळं नव्यानं लोड होते.

मग स्टार्टवर राइट क्लिक, डिव्हाइस मॅनेजर. पिवळं चिन्ह दिसलं तर डबल क्लिक करून कोड वाच, २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही, १० म्हणजे डिव्हाइस सुरूच होऊन नाही राहिलं. अपडेटच्या आधी बरोबर चालत होतं तर ड्रायव्हर टॅबमध्ये रोल बॅक दाब. ते बटन फिकट असलं म्हणजे जुना ड्रायव्हर शिल्लक नाही, कंपनीच्या साइटवर मॉडेल टाकून घे. अननोन डिव्हाइस दिसलं तर डिटेल्स टॅबमध्ये हार्डवेअर आयडी पाह्य, त्यात व्हीईएन (VEN, म्हणजे बनवणाऱ्या कंपनीचा कोड) पुढं ८०८६ असलं तर इंटेल, १०ईसी असलं तर रिअलटेक. वायफायच गायब झालं तर अँड्रॉइड फोन केबलनं जोड अन् यूएसबी टिथरिंग चालू कर, फोनचं नेट पीसीला भेटते, होते काम.

ते फुकटवाले ड्रायव्हर अपडेटर अजिबात टाकू नको, एक दुरुस्त करतात अन् चार भलतंच भरतात.

अन् मे महिन्यात पीसी आपोआप बंद पडत असला तर ड्रायव्हरला शिव्या नको देऊ, नागपूरचं ऊन हाय ते. फॅनवरची धूळ काढ, अन् कूलरची दमट हवा थेट कॅबिनेटवर नको सोडू.