ले-अपला तीन पावलं चालतात, मग जागेवर वळलं तर ट्रॅव्हलिंग का?

तुम्ही विचारलंय की बास्केटबॉलमध्ये ले-अप (धावत जाऊन बास्केटजवळून टाकलेला शॉट) मारणारा तीन पावलं टाकतो तरी शिट्टी वाजत नाही, आणि तुम्ही जागच्या जागी वळलात तर पंच ट्रॅव्हलिंग (चेंडू हातात धरून नियमाबाहेर पाय हलवणं) देतात. मी स्वतः पंचगिरी करतो, आणि हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक सामन्यानंतर येतो.

सगळी गोम मोजायला सुरुवात कुठून करायची यात आहे. धावताना चेंडू हातात आला किंवा ड्रिबल (चेंडूचे टप्पे मारत जाणं) संपवून धरला, त्या क्षणी जो पाय जमिनीवर असतो तो मोजतच नाहीत. त्यानंतरची दोन पावलं तुमची. म्हणून बघणाऱ्याला तीन दिसतात. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या) नियमांत हे २०१७ पासून स्पष्ट आहे. मात्र धावता धावता पास घेऊन ड्रिबल सुरू करायचं असेल, तर दुसरं पाऊल टेकायच्या आत चेंडू हातातून सुटायला हवा.

आता तुमचं वळणं. दोन्ही पाय टेकलेले असताना चेंडू आला, तर पिव्हट, म्हणजे जागेवर रोवून ठेवायचा पाय, अजून ठरलेला नसतो. एक पाय उचललात की दुसरा पिव्हट झाला, आणि तो मग बदलता येत नाही. चवड्यावर गरकन फिरा, मोकळा पाय हवा तितक्या वेळा पुढेमागे टाका, काही हरकत नाही. पण चवडा जागेवरून घसरला तर ट्रॅव्हलिंग. तुमचं बहुधा हेच होत असणार.

मला सर्वांत जास्त वेळा दिसणारी चूक वेगळीच आहे. डावा पाय पिव्हट, उजव्याने हूल दिली, समोरचा फसला, आणि खेळाडू सुसाट निघाला. त्या घाईत डावा पाय उचलला गेलेला असतो आणि चेंडू अजून तळहातावरच! ड्रिबलसाठी आधी चेंडू सुटला पाहिजे, मग पाय. पास किंवा शॉटसाठी मात्र पिव्हट उचलून उडी मारता येते, फक्त पाय परत टेकायच्या आत चेंडू सोडायचा.

सरावाला एका मित्राला बाजूला उभं करा. त्याने चेंडूकडे अजिबात बघायचं नाही, चेंडूच्या पहिल्या टप्प्याचा आवाज ऐकायचा आणि नजर तुमच्या पिव्हटच्या बुटावर ठेवायची. टप्प्याच्या आवाजाच्या बरंच आधी बूट उचलला जात असेल, तर चेंडू सुटायच्या आधीच पाय निघत असणार; मग पहिलं पाऊल मुद्दाम हळू टाकून शंभरदा करा.