बसऱ्यात कबर नाही, नाव शोधा

पणजोबा पहिल्या महायुद्धात बसऱ्याला गेले ते परत आले नाहीत, घरात त्यांचं एक मेडल आहे, आता त्यांची कबर कशी शोधायची, असं तुम्ही विचारलंय. आधी हेच सांगतो, की कबर शोधू नका. हिंदू शिपायांचं शक्य तिथे दहन व्हायचं, आणि मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कितीकांच्या वाट्याला तेही आलं नाही. नाव शोधा. पण तिथे पडलेल्यांसाठी उभारलेल्या बसरा स्मारकाच्या भिंतीवर ते मिळणार नाही. १९२९ मध्ये ते स्मारक उघडलं तेव्हा आपल्याकडचे फक्त अधिकारी नावानिशी कोरले होते. शिपायांचा पलटणीखाली नुसता आकडा. युद्धात पडलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने या भेदभावाची माफी मागितली ती २०२१ मध्ये. मला त्याचा अजून राग येतो. शिपायांची नावं आता कमिशनच्या ऑनलाइन नोंदींत फुकट पाहता येतात.

सुरुवात मेडलपासून करा. ते घासून चकचकीत करू नका. कडेवर बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव, पलटण असते. उन्हात तिरकं धरून फोटो काढा. नंबर आणि पलटण जुळली पाहिजे, कारण नुसत्या नावाचा भरवसा नाही. कारकुनाने कानावर पडलं तसं इंग्रजीत उतरवलं. माझ्या आजोबांचे चुलते धोंडू, नोंदीत ते धोंडी निघाले, आणि गावाचं नाव तर ओळखूच येईना. वडिलांचं नाव अन् जिल्हा जुळला तेव्हा खात्री पटली.

पलटणींचे आकडे १९२२ मध्ये बदलले. घरचे 'पाचवी मराठा' म्हणत असतील, तर तेव्हाची ती १०३, १०५, ११०, ११४, ११६ किंवा ११७ यांपैकी एक असू शकते. यातल्या १०३, ११० आणि ११७ या मेसोपोटेमियातल्या कूत गावी तुर्कांच्या वेढ्यात अडकल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ ला कूत पडलं. मृत्यूची तारीख त्यानंतरची असेल, तर ते तुर्कांच्या कैदेत गेले असतील का, हेही तपासा.

बाकी माणूस गावातच सापडतो. 'या गावातून इतके लढाईवर गेले, इतके कामी आले' असा दगड आहे का बघा. साताऱ्याच्या अपशिंगे गावातले कितीतरी जण त्या युद्धात लढले. तलाठ्याकडे जुना फेरफार मागा. वारस नोंदीत पणजीचं नाव असू शकतं, आणि तिच्याबद्दल लिहून ठेवलेलं बहुधा तेवढंच असतं. पेन्शनचा एखादा कागद ट्रंकेत असेल. म्हाताऱ्या माणसांशी बोलणं मात्र पुढे ढकलू नका, आणि ते सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या.

आमच्याकडे धोंडूआजोबांची तिथी माहीत नव्हती, त्यामुळे सर्वपित्रीलाच त्यांच्या नावाचं पान वाढायचे. नोंदीतली तारीख मिळाली तेव्हा वडिलांनी जुनं पंचांग मिळवून तिथी काढली. वैशाख वद्य नवमी.