डाळिंबाची छाटणी करताना दर झाडाला कात्री निर्जंतुक करावी लागते का? नुसती कपड्याने पुसली तर चालेल?

नुसतं पुसून चालत नाही, बागेत किंवा शेजारी तेल्या असेल तर दर झाडानंतर कात्री औषधात बुडवायलाच पाहिजे. तेल्या हा जिवाणूचा रोग आहे, ताज्या जखमेतून तो सरळ आत शिरतो आणि छाटणी म्हणजे जखमाच, त्यामुळे रोगट फांदी कापून तीच कात्री पुढच्या झाडाला लावली की आपणच रोग वाटत सुटतो. सोलापूरच्या डाळिंब संशोधन केंद्राची शिफारस 2.5 टक्के सोडियम हायपोक्लोराइटची आहे. बाजारातलं साधारण 4-5 टक्क्यांचं मिळतं (लेबल बघा), 5 टक्क्यांचं असेल तर तेवढंच पाणी घातलं की झालं, 4 टक्क्यांचं असेल तर लिटरला साधारण 600 मिलीच पाणी. आधी पात्याला चिकटलेला चीक, भुसा पुसून काढा, घाण असली की औषधाचा जोर तिथेच संपतो, आणि द्रावण मळकट झालं की बदला. मजुरांकडे दोन-दोन कात्र्या द्या, एक बुडालेली एक हातात, नाहीतर चार झाडांनंतर कोणी बुडवत नाही हे लिहून घ्या 😀

हायपोने लोखंड गंजतं म्हणून संध्याकाळी धुऊन, कोरडी करून तेल लावायचं. निरोगी झाडं आधी, रोगट शेवटी, आणि कापलेल्या जागी 10 टक्के बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप).

फक्त एवढ्याने तेल्या थांबेल असं नाही हां, पावसाच्या उडणाऱ्या थेंबांनी आणि रोगट रोपांमधूनही तो येतोच.